हुजरा, बोर्डिंग आणि भाड्याची खोली

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळा मोजतात, कॉलेजे मोजतात, पदव्या मोजतात. विद्यार्थी रात्री झोपत कुठे होता आणि त्याच्या भाकरीची सोय कोण करत होते, याची नोंद फारशी कुणी ठेवत नाही. परगावी शिकणाऱ्या मुलापुढे मात्र हाच पहिला प्रश्न असतो. प्रवेश एका दिवसात होतो, खोली शोधण्यात महिना जातो. आणि खोली मिळालीच नाही तर मिळालेला प्रवेश कागदावर राहतो. खानदेशातला मुस्लिम समाज उच्च शिक्षणात मागे का, याची चर्चा करताना आपण गरिबी, भाषेची अडचण, पालकांची अनास्था ही कारणे सांगतो. ती खोटी नाहीत. परंतु आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि आमच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींकडे पाहताना आणखी एक कारण सतत डोळ्यांपुढे येते. ते म्हणजे मुक्कामाची जागा. या लेखात त्या जागेचाच इतिहास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आहे.

हुजऱ्यांची परंपरा

आपल्या परंपरेत तालीम आणि मुक्काम या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. मदिनेत मस्जिद-ए-नबवीच्या आवारात 'सुफ्फा' नावाची छपराखालची जागा होती. ज्यांना घरदार नव्हते असे सहाबी तेथे राहत आणि प्रेषितांकडून (स.) शिकत. हजरत अबू हुरैरा हे त्यांच्यापैकीच एक. अकराव्या शतकात निजामुल्मुल्क या सेल्जुक वजिराने बगदादेत निजामिया मदरसा उभारला. १०६७ साली तो सुरू झाला. तेथे विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय होती आणि खर्चासाठी वक्फचे उत्पन्न लावून दिलेले होते. परगावाहून येणाऱ्याला आधी छप्पर आणि अन्न द्यायचे, मग सबक द्यायचा, अशी ही रीत होती.

ही रीत दख्खनेतही आली. बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने बिदरला १४७२ साली बांधलेला मदरसा आज अर्धामुर्धा उभा आहे. त्यात व्याख्यानाची दालने होती, मशीद होती, ग्रंथालय होते आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्यासाठी खोल्याही होत्या. खानदेशावर १३८२ पासून १६०१ पर्यंत फारुकींचे राज्य होते. आज शिरपूर तालुक्यात असलेले तापीकाठचे थाळनेर ही त्यांची पहिली राजधानी. पुढे बुऱ्हाणपूर वसले. त्या शहराला शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे नाव दिले, यावरूनच खानकाहींचे महत्त्व ध्यानात येते. खानकाह म्हणजे केवळ जिक्र करण्याची जागा नव्हे. तेथे लंगर असे, मुसाफिराला मुक्काम असे आणि शिकणाऱ्याला हुजरा असे. हुजरा म्हणजे मशिदीच्या किंवा मदरशाच्या कडेची छोटी खोली: एक चटई, एक दिवा, दोन किताबे.

इंग्रजी शिक्षण आले तेव्हा पदवीचा रस्ता हुजऱ्याच्या दारावरून जाईनासा झाला. कॉलेज शहरात होते. राहायचे कुठे, हे ज्याचे त्याने पाहायचे होते. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले माधुकरी मागून आणि वार लावून शिकली. त्यांच्या मागे त्यांच्या समाजाची घरे उभी होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला शहरात असे घर नव्हते. मुसलमानाच्या मुलालाही नव्हते.

बोर्डिंगांचा काळ

हे सर सय्यद अहमद खान यांनी वेळीच ओळखले. १८६९-७० मध्ये ते इंग्लंडात होते. तेथील निवासी विद्यापीठे त्यांनी पाहिली आणि अलीगढला १८७७ साली कॉलेजची पायाभरणी झाली तेव्हा बोर्डिंग हा त्याचा गाभा ठरवला. अलीगढची ओळख वर्गांइतकीच तिथल्या होस्टेलांनी घडवली, हे तेथे शिकलेला कोणीही सांगेल.

महाराष्ट्रात हे काम छत्रपती शाहू महाराजांनी केले. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्यानंतर जैन, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघत गेली आणि कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. मुस्लिम समाजाकडून पुढाकार येत नाही असे दिसल्यावर महाराजांनी आधी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतले. मग १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. एका हिंदू राजाने मुस्लिम वसतिगृहाच्या संस्थेचे अध्यक्ष व्हावे, याचे आपण कौतुक करतो. पण त्यातला व्यवहारही समजून घेतला पाहिजे. शाळेची फी माफ केली तरी मूल शिकणार नाही, त्याला कोल्हापुरात झोपायला जागा दिली तरच शिकेल, हा तो व्यवहार होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढचे पाऊल टाकले. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले आणि त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र ठेवली. एकाच चुलीवर स्वयंपाक, एकाच पंगतीत जेवण. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव दिले गेले. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांनी प्रत्येक समाजाला स्वतःचे दार दिले. भाऊरावांनी सर्वांसाठी एकच दार ठेवले. दोन्हींची गरज होती. आजही आहे.

आपल्या खानदेशातही एक उदाहरण आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, आजारी मुलाची सेवा करत आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. पुढे याच गुरुजींनी प्रेषित मुहंमद (स.) यांचे चरित्र मराठीत लिहिले. शिक्षकी पेशातल्या आमच्यासारख्यांना गुरुजींच्या या सहा वर्षांतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मूल वर्गात पाच तास असते, उरलेले एकोणीस तास ते कुठे असते याची चौकशी करणे हाही शिक्षकाच्या कामाचा भाग आहे.

खानदेशात कॉलेज आले

१९४५ पूर्वी खानदेशात कॉलेज नव्हते. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठिकाणे झाली. रेल्वे होती, कापूस होता, गिरण्या होत्या. परंतु मॅट्रिक झालेल्या मुलाला नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. १९४५ साली अमळनेरला प्रताप कॉलेज आणि जळगावला मूळजी जेठा कॉलेज, अशी दोन कॉलेजे एकदम सुरू झाली. पुढे १९५९ मध्ये धुळ्यात श्री शिवाजी विद्या प्रसारक संस्थेचे कॉलेज निघाले. १९९० साली पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिचे नाव विद्यापीठाला मिळावे, याचा आम्हा खानदेशी माणसांना सार्थ अभिमान आहे.

कॉलेज आले तशी खोल्यांची मागणी आली. गावोगावचे सधन शेतकरी समाज जागे होते. त्यांनी आपापल्या बोर्डिंगांची सोय केली. जळगावात लेवा बोर्डिंग हे नाव अजूनही पत्ता सांगताना ऐकू येते. मागासवर्गीयांसाठी सरकारी वसतिगृहे निघाली, आदिवासी विकास विभागाची निघाली. मुस्लिम समाजाकडे मात्र जे होते ते मदरशाच्या वाटेवर होते. याचे सर्वांत मोठे उदाहरण अक्कलकुव्याचे. तेव्हा धुळे जिल्ह्यात आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी मौलाना गुलाम मुहंमद वस्तानवी यांनी १९७९ साली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केले. मौलाना २०२५ मध्ये अल्लाहला प्यारे झाले. दीनी तालीमबरोबर तेथे तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या शाखाही निघाल्या. हजारो मुले तेथे राहून शिकली, त्याचे पहिले कारण राहण्याजेवणाची सोय हेच होते. गरीब बापाने मुलाला तेथे पाठवले ते केवळ दीनदारीपोटी नव्हे. तेथे मूल उपाशी राहणार नाही आणि रस्त्यावर झोपणार नाही याची त्याला खात्री होती. तीच खात्री बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला जळगावात किंवा धुळ्यात कुणी दिली नाही.

याच खानदेशात एक वेगळा अनुभवही आहे. यावल, रावेर, चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यातले तडवी भिल्ल हे धर्माने मुस्लिम आणि अनुसूचित जमातीत मोडणारे आहेत. त्यामुळे तडवी मुलांना आदिवासी वसतिगृहांचे दार उघडे राहिले. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरचा मुलगा वसतिगृहात राहून शिक्षक झाला, पोलीस झाला, तलाठी झाला, अशी घरे या भागात पाहायला मिळतात. त्याच गावातल्या पिंजाऱ्याच्या किंवा बागवानाच्या मुलापाशी बुद्धी कमी नव्हती. त्याच्यासाठी शहरात कॉट नव्हती, एवढाच फरक.

नाव विचारल्यानंतर

होस्टेल नसले की उरते भाड्याची खोली. जळगाव-धुळ्यात खोली शोधण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. कॉलेजच्या आसपासच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानात 'कॉट बेसिस'च्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तीन-चार मुले मिळून एक खोली घेतात. डिपॉझिट वाटून भरतात, मेसचा डबा लावतात. आम्ही बी.एड. केले ते असेच, चौघांच्या एका खोलीत. फोनवर भाडे ठरायचे, पाण्याची वेळ ठरायची, मग नाव विचारले जायचे आणि त्यानंतर खोली 'आजच गेली' असायची. कुणी सरळ सांगायचे, कुणी 'फक्त शाकाहारी' म्हणायचे. अखेर ज्या मावशींनी खोली दिली त्या स्वतः माळकरी होत्या. त्यांनी एकच अट घातली, मांस खोलीत शिजवायचे नाही. आम्ही ती पाळली. त्या रमजानमध्ये सहेरीच्या वेळी दार वाजवून आम्हाला उठवत. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्ही सांगितले पाहिजेत.

खोली नाकारली जाण्याचा इतिहास मुसलमानांपासून सुरू होत नाही. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा त्यांना शहरभर जागा मिळाली नाही. पारशी सरायीत खोट्या नावाने राहावे लागले आणि ओळख उघड झाल्यावर तेथूनही निघावे लागले. पुढे १९५० साली त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढले तेव्हा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांकडे इतके लक्ष दिले, त्यामागे बडोद्याची ती आठवण असेल असे आम्हाला वाटते. आणि याच्या अगदी उलट चित्रही महाराष्ट्राने पाहिले आहे. १८४९ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना राहते घर सोडावे लागले, तेव्हा पुण्यात उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली असे फुल्यांची चरित्रे सांगतात.

आजच्या नकाराची पाहणीही झालेली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांनी भाड्याच्या घरांची चौकशी केली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त नकार मुस्लिम नावांना मिळाले होते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांना इतर वस्त्यांत घर मिळणे कठीण जाते, अशी नोंद आहे.

खानदेशात या नकाराला भूगोलाची जोड मिळाली. १९७० च्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. धुळ्यात २००८ मध्ये दंगल झाली. २०१३ च्या जानेवारीत पुन्हा झाली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मृत्युमुखी पडले. दंगल दोन दिवसांत शमते, पण माणसे आपल्या माणसांत सरकतात आणि मग मागे येत नाहीत. धुळ्यात मौलवीगंज, मच्छीबाजार हे मोहल्ले पांझरेच्या एका अंगाला, तर कॉलेजांचे देवपूर दुसऱ्या अंगाला. जळगावात मेहरूण एका टोकाला आणि विद्यापीठ महामार्गावर दुसऱ्या टोकाला. मोहल्ल्यात खोली घ्यावी तर रोजची रिक्षा परवडत नाही, आणि कॉलेजजवळ घ्यावी तर नाव आडवे येते.

येथे आपल्या घरातही डोकावले पाहिजे. मोहल्ल्यातले आपलेच घरमालक अविवाहित मुलांना खोली देत नाहीत. दिली तरी बिरादरी विचारतात, मसलक विचारतात, कुठल्या मशिदीत नमाज पढतोस ते विचारतात. दुसऱ्याने नाव विचारून दार लावले तर आपल्याला राग येतो. आपण मसलक विचारून लावतो तेव्हा तो भेदभाव वाटत नाही.

मुलींचे काय?

आतापर्यंत आम्ही मुलांविषयी लिहिले. मुलींची गोष्ट याहून बिकट आहे. आमच्या वर्गांत अलीकडे मुली पुढे असतात. सावदा, रावेर, अडावद, शिंदखेडा येथली मुलगी बारावीला चांगले गुण मिळवते. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे ग्रामीण भागातल्या मुलीला एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत मिळतो. पुढे तालुक्याला कॉलेज असेल तर बी.ए. होते. परंतु फार्मसी, नर्सिंग, इंजिनिअरिंग म्हटले की जळगाव किंवा धुळे आले, आणि अब्बांचा पहिला प्रश्न येतो, 'राहील कुठे?' फीचा प्रश्न दुसरा असतो. फीसाठी माणूस उधार काढतो, शेतातला माल विकतो. मुलीला अनोळखी घरात ठेवायला तो धजत नाही. त्याला मागासलेला म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सुरक्षित जागा दाखवल्यावर हाच बाप तयार होतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. जळगावात मेहरूणला इकरा संस्थेचे एच. जे. थीम महाविद्यालय निघाल्यावर मोहल्ल्यातल्या मुलींना घरी राहून पदवी घेण्याची वाट मिळाली. परगावच्या मुलीला मात्र वाटेच्या शेवटी एक पलंगही लागतो.

पुढची वाट

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २००८ साली राज्यात अल्पसंख्याक विकास विभाग सुरू झाला आणि अल्पसंख्याक मुलींच्या वसतिगृहांची योजना आली. इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भोजन, निवास आणि निर्वाहासाठी रक्कम देणारी सावित्रीबाई फुले आधार योजना २०२३ मध्ये मंजूर झाली. पिंजारी, मोमीन, तांबोळी, बागवान अशा बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. म्हणजे ही योजना आपल्याही मुलांची आहे. जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर काढले नाही, तर ती दुसऱ्यांची राहील. दुसरीकडे केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली आणि १९८९ पासूनचे मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. आधार कमी होत असताना जो उरला आहे तो तरी हातचा जाऊ नये.

अशा योजनांत राहण्याचा पुरावा लागतो आणि घरमालक करार करायला तयार नसतात. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवल्याने घर हातचे जाते, ही मालकांची भीती खरी नाही. उलट मुदत लिहिलेली असल्याने त्यांचेच हित जपले जाते. हे मोहल्ल्यातल्या मालकांना समजावून सांगण्याचे काम जुम्म्याच्या नमाजनंतर दहा मिनिटांत होऊ शकते.

बाकीचे काम समाजाचे आहे. धुळे-जळगावात आपण शादीखाने बांधले. ते वर्षातले किती दिवस वापरात असतात? त्याच्याच वरच्या मजल्यावर वीस कॉट टाकल्या, खाली एक मेस चालवली आणि एक जबाबदार वॉर्डन ठेवली, तर वीस मुलींचे शिक्षण होते. वक्फच्या जागांवर दुकाने निघतात, तशी विद्यार्थ्यांची खोलीही निघू शकते. बगदादेत वक्फचे उत्पन्न विद्यार्थ्यांवरच खर्च होत असे. आणि त्या खोल्यांचे दार भाऊरावांच्या बोर्डिंगासारखे ठेवावे, बिरादरी आणि मसलक न विचारता आणि दुसऱ्या धर्माचे मूल आले तर त्यालाही जागा देणारे. आपण नाव न विचारता खोली देऊ लागलो, तर दुसऱ्याने नाव विचारू नये असे म्हणण्याचा हक्क आपल्याला अधिक ठामपणे बजावता येईल.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. तोपर्यंत प्रत्येक उर्दू हायस्कूलने एवढे तरी करावे: जळगाव आणि धुळ्यात शिकून गेलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारून खोल्या, मेस आणि चांगले घरमालक यांची एक वही तयार करावी. निकाल हातात घेऊन येणाऱ्या बापापुढे ती उघडून ठेवावी. त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीत असेल.